लोहारांकडचं जेवण

"ताई, आज मला जेवायला धरू नका."

बाबूराव दारात उभे होते. डोक्याला, दोन्ही कानांवरून घट्ट टॉवेल गुंडाळलेला, हातात एक रिकामी पिशवी. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी सतरंज्या झटकत होते आणि नाकातोंडात धूळ गेल्यामुळे आधीच वैतागले होते.

"का? उपास आहे?"

"न्हाई. जरा स्टेशनकडं जाऊन येतो. कान ठणकतोय."

"कान ठणकतोय म्हणून स्टेशनवर? तिथं काय स्टेशनमास्तर औषध घालतो कानात?"

एरवी असं काही बोलले की ते तोंड फिरवून हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

मी त्या वेळी मिरजेत, स्टेशनमागच्या बेघर निवारा केंद्रात व्यवस्थापक होते. व्यवस्थापक म्हणजे काय, तर संडास तुंबला की बांबू घालायचा मी, रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाला आंघोळ घालायची मी, आणि साहेब लोक आले की हात जोडून फायली दाखवायच्या त्याही मीच. त्याआधी सोळा वर्षं दवाखान्यात आया होते, त्यामुळे कुणाच्या अंगाची मला कधी किळस वाटली नाही. कंटाळा मात्र यायचा. आलेला माणूस दोन महिन्यांनी पळून जायचा, आम्ही बरा करून दिलेला पाय घेऊन पुन्हा त्याच फुटपाथवर बसायचा, आणि मी आपली नव्या माणसाची नखं कापत बसायची. त्या वर्षी तर मी इतकी दमले होते की रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले की मला झोपच लागायची. शेजारची बाई कोपरानं ढोसायची.

केंद्रात चाळीसेक माणसं होती. दुपारचं जेवण बरेचदा गावातल्या लोकांवर चालायचं. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. फोन आला की मी आदल्या संध्याकाळी फळ्यावर नाव लिहायची. दुसऱ्या दिवशी ती मंडळी यायची, गेलेल्या माणसाचा फोटो खुर्चीवर ठेवून हार घालायची, आपल्या हातानं वाढायची, मोबाइलवर फोटो काढायची आणि डोळे पुसत जायची. असा दिवस असला की माझे दोन नियम असायचे. पाहुणे जाईपर्यंत गेट बंद, आणि पंगतीला झाडून सगळ्यांनी बसायचं. कुणी खाटेवर लोळत पडलं की वाढायला आलेल्याचं तोंड उतरतं, 'आमचं अन्न चालत नाही का यांना' म्हणतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. म्हणून लंगडा असो, ताप आलेला असो, मी सगळ्यांना उठवून बसवायची. हे नियम संस्थेचे नव्हते, माझे होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते त्यांच्यामुळं झालं.

बाबूराव येऊन सहा महिने झाले होते. नाव बाबूराव पाटील, गाव आठवत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि मी तसंच लिहून घेतलं. गाव आठवत नाही म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना गाव चांगलं आठवत असतं. पण उकरून काढायचं नाही, माणूस स्थिरावला की आपण होऊन बोलतो, अशी आमची रीत. साठीतला माणूस, पांढरी दाढी, कसला म्हणून त्रास नाही. खिडकीची कडी निसटली, नळ गळायला लागला की न सांगता दुरुस्त करायचे. डावा कान मात्र सारखा वाहायचा, त्यात रोज थेंब मी घालायची.

"बारा वाजता मंडळी येतायत," मी म्हटलं. "जेवा आणि मग स्टेशनला जा, नाहीतर दिल्लीला जा."

"ताई, आजचा एक दिवस सोडा. पाया पडतो."

"एक दिवस, एक दिवस म्हणत प्रत्येकाला एकेक दिवस दिला तर पंगतीत मी एकटीच बसेन. जा आत."

ते आत गेले. त्यांच्या तोंडाकडं मी नीट पाहिलंसुद्धा नाही. सतरंज्या झटकायच्या राहिल्या होत्या ना!

बाराला पाच कमी असताना गाडी आली. विट्याकडचे लोहार होते, फळ्यावर मी आदल्या संध्याकाळी 'आनंदा लोहार यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलं होतं. प्रशांत नावाचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, पांढरा शर्ट, बोलायला मऊ. त्यानं पुऱ्यांचे डबे, आमटीचं पातेलं, भात, भाजी, सगळं स्वतः उतरवलं. बरोबर त्याची आई, शालनबाई. अंगानं काडी झालेली, आणि मांडीवर खिरीचं पातेलं असं धरून बसलेली की कुणाला हात लावू देत नव्हती. कपाळ मोकळं होतं. पण कुंकवाच्या जागी गोल फिकट डाग अजून दिसत होता, म्हणजे पुसून फार दिवस झाले नव्हते.

"ताई, हा कुठं ठेवायचा?" प्रशांतनं पिशवीतून फ्रेम काढून माझ्या हातात दिली.

काळ्याभोर मिशांचा, डोक्याला गांधी टोपी घातलेला माणूस. तोंड थोडं आंबट, फोटोवाल्यानं जबरदस्तीनं बसवल्यासारखं. आणि डाव्या कानाची पाळी मधोमध चिरलेली.

ती पाळी चिमटीत धरून मी सहा महिने रोज औषध घालत होते. दाढी काढा, मिशा काळ्या करा, वीस वर्षं मागं न्या. फ्रेम हातातून पडायची तेवढी राहिली.

"काय झालं होतं यांना?" मी विचारलं.

"गेलेत असं समजायचं, ताई," प्रशांत म्हणाला. "मी नववीत होतो. मामाकडच्या बारशाला आले आन् उंबऱ्यातनंच माघारी फिरले, ते घरी आलेच न्हाईत. पोलिसात दिलं, पेपरात दिलं, पंढरपूर, तुळजापूर, सगळं पालथं घातलं. आता पुढच्या महिन्यात माझं लग्न हाय. पत्रिका छापायला गेलो तर छापखानेवाला विचारतो, वडलांच्या नावामागं काय घालू, श्री. का कै.? मला सांगता येईना. आईला विचारलं तर आई दोन दिवस जेवली न्हाई."

"मग?"

"मग भटजींना विचारलं. बारा वर्षं पुरी झाली की विधी करता येतो म्हणाले. गेल्या महिन्यात केला. दर्भाचं आन् पळसाच्या पानांचं माणूस केलं, त्याला मी अग्नी दिला. दहावं, तेरावं, सगळं रीतसर. आता ज्यांचं कुणी न्हाई अशांना जेवू घाला, म्हणाले."

मी ख्रिस्ती. आमच्यात असलं काही नाही. पण पोराच्या तोंडाकडं बघून कळत होतं, की पानांचं का होईना, त्यानं बापाला जाळलं होतं, आणि बाप पलीकडच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून पंगतीत बसला होता. मीच दटावून बसवला होता.

फोटो खुर्चीवर ठेवला आणि मी तडक हॉलमध्ये गेले. बाबूराव शेवटच्या ताटावर होते, टॉवेल अगदी भुवयांपर्यंत ओढलेला. मी पाणी वाढायचं निमित्त करून वाकले.

"आनंदा लोहार तुम्हीच ना?"

त्यांनी मान वर केली नाही. "काल फळ्यावर वाचलं मी. सकाळी सांगत हुतो न्हवं तुम्हाला, सोडा म्हणून."

"उठा. मागच्या खोलीत जा."

"आता उठलो तर सगळे बघतील. बसू द्या. मी मान वर करत न्हाई."

"मी सांगते त्यांना."

"नका, ताई. तुमच्या येशूची शपथ हाय."

"त्याच्या शपथा मला घालू नका," मी दातावर दात ठेवून म्हटलं. पण तेवढ्यात प्रशांत आत आला, आणि मी सांगायची ती वेळ गेली.

त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, वडिलांचं नाव घेतलं आणि एक मिनिट हात जोडायला सांगितलं. चाळीस माणसांनी फोटोपुढं हात जोडले. बाबूरावांनीही जोडले. मी आजवर बरंच काही बघितलंय, पण माणसानं स्वतःच्या हार घातलेल्या फोटोला हात जोडलेले तेवढे एकदाच बघितले.

पुऱ्या आल्या, भाजी आली, भात-आमटी आली. प्रशांत या टोकाहून त्या टोकाला पळत होता, आग्रह करत होता. बापाच्या ताटात त्यानं दोन पुऱ्या जास्त वाढल्या, "घ्या आजोबा, लाजू नका" म्हणाला आणि पुढं गेला. त्याला काय दिसणार? त्याच्या डोक्यात बाप म्हणजे काळ्या मिशांचा गडी.

मग शालनबाई खीर घेऊन उठल्या.

"द्या इकडं, मी वाढते," मी आडवी आले. "तुम्ही दमलाय. बसा."

"न्हाई ताई, एवढं मलाच करू द्या."

त्या एकेका ताटाशी वाकत निघाल्या. मी त्यांच्या मागून चालत होते. शेवटच्या ताटापाशी आल्या. बाबूराव खाली मान घालून दुसऱ्यांदा वाढलेल्या भाताला आळं करत होते. त्यांनी 'पुरे' म्हणून ताटावर आडवा हात धरला. शालनबाईंचा डाव तसाच वर राहिला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "वाईट न्हाई झालेली."

हात बाजूला झाला. त्यांनी एक डाव घातला, आणखी एक घातला आणि वळून गेल्या. ओळखलं नाही, मला वाटलं.

जेवणं उरकली. प्रशांत भांडी गाडीत भरायला गेला. शालनबाई म्हणाल्या, हात धुवायचेत, म्हणून मी त्यांना मागच्या नळावर नेलं. हात धुऊन झाले तरी त्या नळाखाली हात धरून उभ्याच राहिल्या.

"ताई, त्या भिंतीकडच्या माणसानं खीर खाल्ली का?"

"खाल्ली."

"सगळी?"

"ताट पुसून खाल्ली."

"आमटी घ्यायच्या आधी भाताला आळं करायचं, ते बोटांनी न्हाई, मनगट टेकवून," त्या नळाकडं बघत म्हणाल्या. "सतरा वर्षं मी त्या आळ्यात आमटी वाढलीय. मला टॉवेल काय दाखवतोय तो माणूस!"

"थांबा," मी म्हटलं, "प्रशांतला हाक मारते. देवानंच आणलं बघा तुम्हाला इथं."

"न्हाई." त्यांनी ओल्या हातानं माझं मनगट धरलं. एवढ्याशा हाडांत केवढा जोर होता! "हाक मारायची न्हाई. ऐका माझं. बारा वर्षं दार वाजलं की मी उठले. बारा वर्षं कुंकू लावलं. लोक हसले, सासरची माणसं बोलली, तरी लावलं. परवा पोरानं त्या पानांना अग्नी दिला आन् बायकांनी माझं कुंकू पुसलं, तवा मी अशी रडले, अशी रडले, की आत काय म्हणून उरलं न्हाई. आता ह्यांना घरी न्यायचं. म्हातारं झालंय, दुखणाईत दिसतंय. दोन-चार वर्षांनी पुन्हा तेच. एकदा पुसून घेतलंय ओ मी. दुसऱ्यांदा पुसून घ्यायची ताकद न्हाई माझ्यात."

"पण ते जिवंत आहेत, बाई."

"मग जिवंतच राहू द्या की. हितं नीट हायत न्हवं?"

"आहेत."

"डावा कान ठणकतो थंडीचा."

"रोज औषध घालते मी."

"मग झालं." त्यांनी मनगट सोडलं. "मी ओळखलं म्हणून सांगू नका त्यांना. न्हाई ओळखलं म्हणा. प्रशांतलाबी काय बोलू नका. लग्न होऊ द्या पोराचं."

मी हो म्हटलं. का म्हटलं? खरं सांगू, मला तिचा राग आला होता. आणि त्याच वेळी मला असंही वाटत होतं, की ही बाई माझ्याइतकीच दमलीय. माझ्याहून जास्तच. पदरानं हात पुसून ती गाडीत जाऊन बसली. गाडी निघाली तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही.

आत आले तर बाबूराव खाटेवर बसलेले. टॉवेल मांडीवर होता.

"गेली?"

"गेली."

"ओळखलं का तिनं मला?"

"नाही," मी म्हटलं. दिलेला शब्द होता.

ते टॉवेलची घडी घालायला लागले. मला वाटलं, आता रडतील. मी त्यांच्या शेजारी टेकले आणि विचारलं, "झालं तरी काय होतं एवढं घरी?"

"काय व्हायचंय? काय झालं असतं तर बरं झालं असतं. तिच्या भावाकडं बारसं हुतं. ती पोराला घेऊन पुढं गेलेली. माझ्या हातात भट्टीवरचं काम, मला उशीर झाला. गेलो तर चारचौघांत म्हणाली, तुमच्यावाचून काय अडलं न्हाई. हसत म्हणाली हो. मी उंबऱ्यातनंच माघारी फिरलो. आठ दिवस रागात गेले. नवव्या दिवशी विट्याच्या स्टँडवर उतरलो आन् मनात आलं, लोक विचारतील कुठं हुतास, काय सांगू? परत फिरलो. दर साली निघायचो आन् दर साली जास्तच जड वाटायचं. आठ दिवस रागात, ताई, आन् बारा वर्षं लाजेत."

एवढ्यावरून! मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

पण ते उठून उभे राहिले होते. खाटेखालची पिशवी ओढून त्यात सदरा कोंबत होते.

"कुठं निघालात?"

"घरी."

"काय?"

"तिनं ओळखलं असतं आन् गप बसली असती, तर मीबी गप बसलो असतो. तिची मर्जी. पण तिला वाटतंय मी मेलो. जित्या माणसाची बायको बोडक्या कपाळानं फिरतीय, ताई. पोराच्या लग्नात कोपऱ्यात बसंल ती, हळदीला कुणी हात लावू देणार न्हाई तिला. आन् मी हितं तिची खीर खाऊन झोपू व्हय? लाज गेली चुलीत. जातो, पाया पडतो, मारलं तर मार खातो."

बारा वर्षांत जे त्यांना जमलं नव्हतं, ते माझ्या एका खोट्यानं जमवलं होतं. आवाज बदलला होता, पाठ ताठ झाली होती. चपला घालून ते निघालेसुद्धा. मी खाटेवर तशीच बसून राहिले. जाऊ दे त्यांना, एक मन म्हणत होतं. दारात उभा राहिलेला नवरा बघून शालनबाई काय त्याला हाकलून देणार आहे? आणि दुसरं मन त्या नळावर होतं, मनगट अजून ओलं होतं.

मी धावत गेले. ते गेटपाशी पोचले होते.

"बाबूराव, तिनं ओळखलं!"

ते थांबले.

मग मी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. नळावर ती काय म्हणाली, कशी म्हणाली, दुसऱ्यांदा पुसून घ्यायची ताकद नाही म्हणाली तेही. आपल्या कानांनी आपलंच बोलणं ऐकताना मला वाटत होतं, हे मी काय करतेय, कुणाच्या बाजूनं करतेय.

ही गोष्ट होऊन आता अकरा वर्षं झाली. ते घरी गेले नाहीत. पुढं चार वर्षं आमच्याकडंच राहिले आणि बाबूराव पाटील म्हणूनच वारले. शालनबाईंचा नंबर माझ्याकडं होता. ते गेले त्या दिवशी मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. अखेर केला नाही. बाबूरावांना पोचवायला मी आणि केंद्रातली सहा माणसं होतो. मी बरोबर वागले की चुकले, ते मला आजही सांगता येणार नाही, आणि कुणाला विचारायचीही आता इच्छा राहिलेली नाही.

पण त्या दुपारी गेटपाशी ते बराच वेळ नुसते उभे होते. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, पलीकडं स्टेशनात गाडी लागल्याची घोषणा चालली होती. खांद्यावरची पिशवी हळूहळू खाली सरकत आली, तिच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"कशावरनं ओळखलं म्हणाली?"

"भातावरनं. मनगटानं आळं करता त्यावरनं."

त्यांनी आपल्या मनगटाकडं पाहिलं. मग रस्त्याकडं, लोहारांची गाडी गेली त्या बाजूला.

"किती वाळलीय ओ ती," ते म्हणाले.

मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. तरी मी म्हटलं, "हो. फारच."